फळ्यांवरून घळीत

पूर्व स्वित्झर्लंडमध्ये फेफर्स गावाच्या खाली टामिना नदीनं डोंगरात एक घळ कापली आहे. वरचे कडे एकमेकांकडे इतके झुकलेले, की भर उन्हाळ्यातही तळाशी ऊन पडतं ते दुपारी थोडाच वेळ. या अंधाऱ्या तळातून 36.5 अंश सेल्सिअसचं ऊन पाणी बाहेर येतं. जवळच बेनेडिक्टीन साधूंचा जुना मठ होता. 1240 च्या सुमारास मठाच्या शिकाऱ्यांना हे पाणी सापडलं अशी तिथली आख्यायिका आहे. शिकारी खरे असोत वा नसोत, पाणी खरं होतं, आणि त्याच्या गुणाची ख्याती लवकरच आसपासच्या खोऱ्यांत पसरली.

अडचण एकच होती, आत जायला वाट नव्हती. रोग्याला कड्याच्या काठावरून दोरानं किंवा शिड्यांनी खाली उतरवत. सांधे धरलेला, लुळा पडलेला माणूस असा एकदा खाली पोचला की तो रोज वर-खाली करणार तरी कसा? म्हणून तो पाण्यातच मुक्काम करी. सलग काही दिवस, कुणी आठवडाभर. जेवण पाण्यात, झोप पाण्यात, शेजारच्या रोग्याशी गप्पाही पाण्यातच. अंगावर पुरळ उठून कातडी फुटली की औषध लागू पडलं असं समजायचं. पुढे साधूंनी घळीतच, दोन्ही कड्यांमध्ये तुळया रोवून त्यांवर लाकडी स्नानगृह बांधलं. म्हणजे खाली फेसाळती नदी, वर दगड सुटण्याच्या बेतात असलेले कडे आणि मधे तुळयांवर टेकलेलं इस्पितळ. 1535 मध्ये पॅरासेल्सस हा त्या काळचा नामांकित आणि तितकाच भांडखोर वैद्य इथं आला आणि या पाण्याच्या गुणांवर त्यानं एक पुस्तिका लिहिली. 1629 मध्ये हे स्नानगृह जळालं. मग साधूंनी शहाणपणाचा मार्ग धरला. रोग्याला पाण्यापाशी नेण्यापेक्षा पाणीच रोग्याकडे आणायचं ठरलं, आणि लाकडी पन्हळींतून ते घळीच्या तोंडाशी, जरा मोकळ्या जागी नेण्यात आलं. तिथं 1704 ते 1718 या काळात उभी राहिलेली दगडी इमारत आजही आहे.

1838 मध्ये मठ विसर्जित झाला, मालमत्ता सेंट गालेन प्रांताकडे गेली. 1840 मध्ये सुमारे चार किलोमीटरच्या लाकडी नळांतून ऊन पाणी खालच्या रागात्स गावात पोचलं आणि 1858 मध्ये त्याच गावात रेल्वे आली. योहाना श्पिरीच्या ‘हायडी’ या कादंबरीतली चाकाच्या खुर्चीतली क्लारा डोंगरावर मैत्रिणीकडे येण्याआधी उपचारासाठी रागात्सला जाते, ते याच पाण्यासाठी. रागात्सच्या पाहुण्याला आता घळीत उतरायची काहीच गरज उरली नव्हती. आणि नेमका तेव्हाच तो घळ बघायला हौसेनं जाऊ लागला.

या अख्ख्या सहाशे वर्षांच्या कहाणीत, शेवटचं वाक्य सोडलं तर, निसर्गसौंदर्याला कुठं जागा नाही. पॅरासेल्ससनं पाण्याचे गुण सांगितले ते पोटाचे आणि सांध्यांचे. आल्प्समधल्या घळींचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं. आजचा पर्यटक कठड्याला धरून ज्या वाटेवर चालतो, ती बहुतेक ठिकाणी आधी दुसऱ्याच कुणासाठी काढलेली असते. कधी रोग्यासाठी, कधी खेचरासाठी, कधी लाकडाच्या ओंडक्यासाठी. आणि घळ सुंदर दिसायला लागते ती वाट पक्की झाल्यानंतरच.

या घळी तयार कशा झाल्या हे थोडक्यात सांगायला हवं. हिमयुगात मुख्य खोऱ्यांतल्या अजस्र हिमनद्यांनी आपला तळ खोल खरवडला. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं बळ नव्हतं, त्यामुळे त्यांची खोरी वर, लोंबकळल्यासारखी राहिली. बर्फ हटल्यावर त्या खोऱ्यांतल्या नद्यांना मुख्य खोऱ्याचा तळ गाठायला एकच मार्ग होता, मधला खडक कापत उतरण्याचा. काही ठिकाणी हे कापणं बर्फाच्या खालीच, वितळलेल्या पाण्याच्या दाबानं सुरू झालं होतं. पाण्यात गरगरणारे गोटे खडकात गोल खड्डे कोरतात, खड्डे वाढत जाऊन एकमेकांना मिळतात, आणि त्यांचे अर्धे कापलेले काठ भिंतींवर उरतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आल्प्समधल्या घळीच्या भिंती ओळखीच्या वाटतील.

आता खेचरांकडे वळू. मध्य स्वित्झर्लंडमधल्या उरी प्रांतातून इटलीकडे जायचा जवळचा रस्ता गॉटहार्डच्या घाटमाथ्यावरून. घाट तसा फार अवघड नाही. पण घाटमाथ्याच्या उत्तरेला, ग्योशेनेन आणि आंडरमाट यांच्यामध्ये रॉइस नदीची शोलेनेन ही घळ आडवी येते, आणि तिनं कित्येक शतकं हा सगळा मार्ग अडवून धरला होता. 1230 च्या आसपास ती प्रथम खुली झाली. नदीवर एक लाकडी पूल घातला गेला आणि जिथं कडा सरळ पाण्यात उतरतो तिथं कड्याच्या अंगालगत फळ्यांची वाट बसवली. ती साखळ्यांवर लटकवलेली होती असं परंपरा सांगते. खालच्या धबधब्याचे तुषार त्या फळ्यांवर सतत उडत. ओल्या फळीवरून, पाठीवर ओझं घेतलेलं खेचर न बिचकता नेणं हे काम काय असेल, ते आपल्या घाटांत बैल हाकलेल्या माणसालाच कळेल.

या फळ्यांनी युरोपच्या राजकारणात भर घातली. 1231 मध्ये जर्मन राजा हेन्रीनं उरीच्या लोकांना मधल्या सरदारांच्या तावडीतून सोडवून थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली घेणारी सनद दिली. एवढ्याशा डोंगरी खोऱ्यावर राजाची मर्जी का बसली? घाट चालू झाल्यानं त्या खोऱ्याचं मोल वाढलं, हे कारण इतिहासकार देतात आणि ते पटण्यासारखं आहे. 1291 च्या ज्या करारापासून स्विस लोक आपल्या देशाची सुरुवात मोजतात, त्यात उरी होताच.

पुलाची कथा मात्र लोकांनी निराळीच रचली. उरीच्या गावकऱ्यांना पूल काही जमेना, तेव्हा सैतानानं तो बांधून देण्याची तयारी दाखवली. अट एवढीच, की पुलावरून पहिला जाणारा जीव त्याचा. गावकऱ्यांनी पूल पदरात पाडून घेतला आणि पहिला बोकड सोडला. चिडलेला सैतान पूल फोडायला प्रचंड शिळा घेऊन निघाला. वाटेत एका म्हातारीनं तिच्यावर क्रूस काढला आणि त्याला ती तिथंच टाकावी लागली. ग्योशेनेनजवळची सुमारे 220 टनांची ती शिळा 1977 मध्ये महामार्गाच्या आड आली. सुरुंग लावून मोकळं व्हायचा बेत होता, पण लोकांनी तो हाणून पाडला. शेवटी सरकारनं बराच खर्च करून शिळा शंभरएक मीटर बाजूला सरकवली. सैतानाला जे ओझं झेपलं नाही ते रस्तेबांधणी खात्यानं उचललं.

लाकडी पुलाच्या जागी 1595 मध्ये दगडी कमान आली. फळ्यांची वाट त्यानंतरही शतकभर तशीच राहिली. मग 1707 मध्ये तिचीनो भागातल्या प्येत्रो मोरेत्तीनी या किल्ले बांधणाऱ्या स्थापत्यकारानं तिला बगल द्यायचं ठरवलं. त्यानं कड्यातूनच बोगदा काढला. 64 मीटर लांबीचा, दारूच्या सुरुंगांनी फोडलेला हा बोगदा 1708 मध्ये पुरा झाला. त्याला ‘उर्नरलोख’ म्हणतात. आल्प्समधला हा पहिला रस्त्याचा बोगदा. आज मोटारीतून तो चार-पाच सेकंदांत संपतो. त्या काळच्या प्रवाशाला मात्र तो काही औरच वाटे, कारण घळीच्या गर्जनेतून तो काळोखात शिरे आणि पलीकडे निघे तो थेट आंडरमाटच्या शांत, हिरव्या कुरणांत.

गर्जनेचा सर्वांत भीषण दिवस 1799 च्या सप्टेंबरात उजाडला. नेपोलियनपूर्व फ्रान्सच्या फौजांनी स्वित्झर्लंड व्यापला होता आणि रशियाचा सेनापती सुवोरोव्ह, वय 69, इटलीतून वीसएक हजारांचं सैन्य घेऊन गॉटहार्ड ओलांडत होता. 25 सप्टेंबरला त्याचे सैनिक शोलेनेनमध्ये आले. बोगद्याच्या पलीकडून फ्रेंचांचा मारा चालू, पुलाला जोडलेली एक कमान मोडलेली. जवळच्या घरांच्या तुळया आणून आणि त्या अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी बांधून रशियनांनी खिंडार भरलं असं सांगतात. बाकीचे कंबरभर पाण्यातून पलीकडे गेले. घाट जिंकला, पण मोहीम फसली. ज्या सैन्याला सुवोरोव्ह मिळायला निघाला होता त्याचा झुरिकजवळ त्याच सुमारास पराभव झाला, आणि ऑक्टोबरात बर्फातून आणखी एक घाट चढून त्याला सुटका करून घ्यावी लागली. कड्यात कोरलेला 12 मीटर उंचीचा क्रूस या लढाईची आठवण म्हणून 1890 च्या दशकाअखेर रशियाच्या खर्चानं उभा राहिला.

ग्राउब्युन्डेन प्रांतातल्या विया मालाची गोष्ट याच वळणाची, फक्त सैतान नसलेली. नावाचा अर्थ वाईट वाट. थुसिस आणि त्सिलिस या गावांमध्ये हिंटरऱ्हाइन नदीनं इथं सुमारे 300 मीटर खोल चीर पाडली आहे. काही ठिकाणी दोन भिंतींत काही मीटरांचंच अंतर. 1473 मध्ये थुसिस, काझिस आणि माझाइन या तीन गावांनी एक करारपत्र लिहून घळीतली वाट रुंद करायचं ठरवलं. कुणा राजाचा हुकूम नव्हता. गावांना मालवाहतुकीचं उत्पन्न हवं होतं. माल वाहण्याचा हक्क गावागावांच्या मंडळांकडे असे, आणि प्रत्येक मंडळ आपल्या हद्दीपुरता माल नेऊन पुढच्या मंडळाच्या स्वाधीन करी. दाव्होसच्या ख्रिस्टियान विल्डेनरनं 1738-39 मध्ये इथं दगडी पूल बांधले, त्यांतला एक अजून वापरात आहे. 1818 ते 1823 दरम्यान गाडीरस्ता झाला. त्यानंतर सगळं सुरळीत चालेल असं वाटत असतानाच 1882 मध्ये गॉटहार्डचा रेल्वे बोगदा सुरू झाला आणि इकडच्या घाटांवरची मालवाहतूक जवळपास बसली. तीनशे मीटरांच्या कड्यांनी जे केलं नव्हतं ते दुसऱ्या खोऱ्यातल्या रेल्वेनं करून दाखवलं. थुसिसला 1896 मध्ये रेल्वे आली ती अरुंद मापाची, आणि तिनं मालापेक्षा पाहुणे अधिक आणले. 1903 मध्ये घळीच्या तळाकडे नेणाऱ्या पायऱ्या बांधून झाल्या. आज त्या 359 आहेत आणि उतरायला तिकीट लागतं. जी गावं चारशे वर्षं घळीतून बाहेर पडायचे पैसे घेत होती, ती आता आत उतरायचे घेऊ लागली.

मधल्या काळात बघणाऱ्याची नजर बदलली होती. बर्नच्या आल्ब्रेख्त फॉन हालरची ‘आल्प्स’ ही दीर्घ कविता 1732 मध्ये प्रसिद्ध झाली आणि डोंगरी माणसाचं साधं आयुष्य जर्मन वाचकांना आवडायला लागलं. 1757 मध्ये विचारवंत एडमंड बर्कनं भव्य आणि भयानक गोष्टींतून मिळणाऱ्या आनंदावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात एक नेमकी अट घातली. भीतीचा आनंद तेव्हाच मिळतो जेव्हा धोका खरोखर अंगाशी येत नाही. मला वाटतं, बर्कला हे लंडनमध्ये बसून सुचलं असलं तरी ते सिद्ध झालं शोलेनेनमध्ये. साखळ्यांवरची फळी गेली, बोगदा झाला, दगडी कमान होतीच, आणि मग जर्मन कवी गोएथे एकदा नव्हे तर तीनदा, 1775, 1779 आणि 1797 मध्ये गॉटहार्डवर आला. इंग्लिश चित्रकार टर्नर 1802 मध्ये आला आणि त्यानं घळीची रेखाटनं केली. त्यांवरून पुढं काढलेल्या चित्रांत पूल सुतासारखा बारीक आहे आणि कडे आभाळाला भिडलेले. प्रत्यक्षात तोवर त्या पुलावरून वर्षाला हजारो माणसं आणि खेचरं जात होती. खेचरवाल्यांनी मात्र या घळीचं चित्र काढलेलं नाही. त्यांना तिच्यात रमायला वेळ नव्हता.

प्रवासाची घडी 19व्या शतकात बसली. लंडनच्या जॉन मरेची स्वित्झर्लंडची मार्गदर्शिका 1838 मध्ये निघाली, जर्मनीतल्या बेडेकरची 1844 मध्ये. 1863 मध्ये टॉमस कुकनं इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाची पहिली टोळी स्वित्झर्लंडला नेली. तोवर आल्प्स हे श्रीमंत तरुणांचं किंवा कवींचं ठिकाण होतं, त्यानंतर ते दुकानदार, शिक्षिका आणि बँकेतल्या कारकुनांचंही झालं. या लोकांना शिखरं सर करायची नव्हती, तेवढी सवड नव्हती आणि बूटही नव्हते. पण आल्प्सचा थरार थोडा तरी अंगावर घ्यायचा होता. स्टेशनपासून तासाभराच्या आत, लांब झगा घातलेल्या बाईलाही जमेल असा थरार. ही मागणी घळींनी पुरवली.

रेल्वे आणि घळी यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मार्तिन्यीपर्यंत रेल्वे आली आणि लगेच, 1860 च्या सुमारास, जवळच्या त्रियां नदीच्या घळीत लाकडी सज्जा बसला. सावोय प्रदेशात आनसीला रेल्वे 1866 मध्ये पोचली, तीनच वर्षांत फिये नदीच्या घळीत कड्याला टांगलेला मार्ग खुला झाला. ब्रुनिग घाटाची रेल्वे 1888 मध्ये मायरिंगेनला आली आणि त्याच वर्षी गावाजवळची आरे नदीची घळ खुली झाली. ही घळ 1.4 किलोमीटर लांब, 200 मीटरपर्यंत खोल आणि सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम मीटरभर रुंद. मायरिंगेन याच सुमारास दोनदा, 1879 आणि 1891 मध्ये, आगीत जळालं आणि दोनदा उभं राहिलं. घळ, धबधबा आणि हॉटेलं हाच आता त्याचा धंदा होता. 1893 च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला याच गावाच्या राइशेनबाख धबधब्यात ढकलून दिलं. गावानं त्याचं दुःख मानलं असेल असं वाटत नाही. आता तिथं होम्सचं संग्रहालय आहे.

ऑस्ट्रियात ही कामं डोंगरी मंडळांनी अंगावर घेतली. झाल्त्सबुर्गजवळच्या पोंगाउ भागातल्या मंडळानं 1875 मध्ये एका खोल घळीत सज्जे बांधायला घेतले. काम निम्म्यावर असताना पैसे संपले. लिश्टेनश्टाइनचा राजा योहान दुसरा याच्याकडे मदत मागितली, त्यानं 600 गुल्डन दिले, 1876 मध्ये काम पुरं झालं आणि घळीला त्याचं नाव मिळालं. 600 गुल्डनांत हजारो वर्षांच्या नदीवर नाव कोरून मिळणं हा राजघराण्यांच्या इतिहासातला स्वस्त सौदा म्हणावा लागेल. आजच्या स्लोव्हेनियात ब्लेडजवळ रादोव्ना नदीची विन्तगार घळ आहे. ती 1891 मध्ये गोर्ये गावाचा सरपंच याकोब झुमेर आणि छायाचित्रकार बेनेदिक्त लेर्गेतपोरेर यांनी, नदीचं पाणी उतरलेलं असताना आत शिरून पाहिली. त्यांनी गावात समिती नेमली, वर्गणी केली, फळ्या टाकल्या आणि 26 ऑगस्ट 1893 ला घळ लोकांसाठी उघडली. सरपंचाच्या दूरदृष्टीचं कौतुक करायला हवं, कारण तिथं आजही वर्षाला लाखांनी माणसं येतात आणि लाकडी वाटेवर एकाच दिशेनं चालवली जातात.

फ्रेंच कादंबरीकार आल्फोंस दोदे या सगळ्यावर मनसोक्त हसला. 1885 च्या त्याच्या कादंबरीत आल्प्समध्ये आलेल्या तार्तारँ या बढाईखोर नायकाला एक मित्र गंभीरपणे पटवून देतो, की स्वित्झर्लंड नावाचा देश आता नाहीच. आहे ती एक प्रचंड कंपनी. धबधब्यांवर दिव्यांची रोषणाई आहे, बर्फातल्या भेगांच्या तळाशी माणसाला लागू नये अशी सोय आहे आणि खाली दरबान उभा असतो. तार्तारँला ते पटतं आणि त्या भरवशावर तो बेधडक कडे चढतो. विनोद बाजूला ठेवला तर दोदेनं बर्कचाच सिद्धान्त कादंबरीत घातला होता.

बव्हेरियातल्या घळींची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथं जुने आणि नवे वाटसरू बराच काळ एकाच वाटेवर होते. गार्मिश-पार्टेनकिर्शेनजवळची पार्टनाख घळ सुमारे 700 मीटर लांब आणि 80 मीटर खोल आहे. 18व्या शतकापासून लाकूडतोडे वरच्या जंगलातलं जळाऊ लाकूड नदीत सोडत. प्रत्येक मालकाची खूण ओंडक्यांवर असे आणि खाली गावात खुणा बघून वाटणी होई. ओंडके घळीत अडकले की पाठीमागून येणारे त्यांवर चढत, बघता बघता बांधासारखा ढीग होई. मग कुणाला तरी दोरानं खाली सोडायचं. त्याच्या हातात लांब आकडी. ढिगातला जो ओंडका सोडवला की बाकीचे सुटतील तो हेरायचा, ओढायचा आणि सगळा लोंढा सुटायच्या आत आपल्याला वर ओढून घेतलं जाईल अशी आशा करायची. 19व्या शतकाच्या अखेरीस या लोकांसाठीच घळीत एक वाट केली गेली. 1912 मध्ये सरकारनं पार्टनाखला निसर्गस्मारक ठरवलं आणि पर्यटकांसाठी वाट सुधारली. तरीही ओंडके वाहतच राहिले. 1960 च्या दशकापर्यंत, म्हणजे छत्र्या आणि कॅमेरे घेतलेल्या पाहुण्यांच्या पायांखालून, गावच्या चुलींचं सरपण जात होतं.

शेजारची होलेनटाल घळ 1902 ते 1905 या तीन वर्षांत, स्थानिक गिर्यारोहक मंडळानं, फक्त चालणाऱ्यांसाठी फोडली. बोगदे, पूल, लोखंडी सळ्या. हिमलोट दर हिवाळ्यात ही घळ बर्फानं भरून टाकतात, म्हणून तिथले पूल शरद ऋतूत काढून ठेवतात आणि वसंतात पुन्हा बसवतात. इथं दरबान नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये पावसाचा लोंढा अचानक आला आणि पुलावरची माणसं वाहून गेली. पार्टनाखमध्ये 1991 साली दरड कोसळून नदीच अडली. लिश्टेनश्टाइन घळ 2017 च्या दरडीनंतर तीन वर्षं बंद होती, आणि पुन्हा उघडली ती 30 मीटर उतरणारा नवा चक्राकार जिना घेऊन. पन्नास-साठ वर्षांत सुरक्षित केलेली घळ ही नदीच्या हिशेबात अजून अर्धवटच कापलेला खडक आहे.

तरी 1905 पर्यंत एक घळ सुटली होती, आणि तीही सर्वांत मोठी. आल्प्सच्या दक्षिण टोकाला, प्रोव्हान्समध्ये, व्हेर्दों नदीची घळ 20 किलोमीटरांहून लांब आणि काही ठिकाणी 700 मीटर खोल आहे. तिच्यावरून व्यापाराची वाट जात नव्हती, आत ऊन पाणी नव्हतं. एग्विन गावचे लोक मात्र आत उतरत. कड्यांवर वाढणाऱ्या बॉक्सवुड झुडपाच्या मुळांचं लाकूड अतिशय टणक असतं. ती मुळं कापायला ते दोरानं कड्यावर लटकत, आणि गावात त्यांपासून खिळे ठोकलेले खेळाचे गोळे बनत. फ्रान्सच्या चौकाचौकांत म्हातारे जो गोळाफेकीचा खेळ खेळत, त्याचा कच्चा माल असा जिवावर उदार होऊन आणलेला असे. तळातून घळ पार केलेला माणूस मात्र माहीत नव्हता.

1905 मध्ये फ्रान्सच्या कृषी खात्याला या भागातल्या पाण्याचा अंदाज हवा होता. त्यांनी एदुआर-आल्फ्रेद मार्तेलला पाठवलं. मार्तेल वकील होता, पण गुहा हेच त्याचं खरं प्रेम. पादिराकच्या विवरात तो 1889 मध्ये प्रथम उतरला होता आणि दहा वर्षांत तिथं जिने आणि होड्यांची सोय करून ते लोकांना दाखवायला सुरुवातही झाली होती. म्हणजे खड्डा आणि तिकीट यांचं नातं त्याला चांगलं ठाऊक होतं. 11 ऑगस्टला तो कापडी होड्या घेऊन व्हेर्दोंत शिरला. बरोबर अभियंता आर्मां जाने, मार्तेलचा जुना साथीदार लुई आर्मां, रुगों गावचा शाळामास्तर इझिदोर ब्लां आणि त्याच गावची काही माणसं. ब्लां मास्तरांना वरचे कडे पाठ होते, तळ त्यांच्यासाठीही नवा होता. होड्या खडकांवर आपटून फाटत, ठिगळं लावावी लागत. जिथं प्रवाह आवरेना तिथं होड्या दोरानं सोडून माणसांनी कपारींतून सरपटायचं. 14 ऑगस्टला ते दुसऱ्या टोकाला बाहेर आले. मार्तेलनं सरकारला पाण्याचा अहवाल दिला आणि सचित्र मासिकातून देशाला घळीचं वर्णन दिलं. दुसऱ्याचा परिणाम जास्त झाला.

पण पर्यटकांआधी इथं पुन्हा कामकरीच आले. 20व्या शतकाच्या सुरुवातीला व्हेर्दोंचं पाणी वळवून वीज करायची योजना निघाली, कड्यांतून बोगदे खणले गेले, आणि योजना तशीच सोडून देण्यात आली. 1928 ते 1930 मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबनं तळातून पायवाट काढली तेव्हा हेच पडीक बोगदे त्यांना आयते मिळाले. मार्तेलच्या, आणि आता ब्लां मास्तरांच्याही, नावानं ओळखली जाणारी ही वाट आजही त्यांतून जाते. सर्वांत लांब बोगदा 670 मीटरचा आहे आणि आत मिट्ट काळोख असतो, म्हणून वाटेच्या सुरुवातीला बॅटरी जवळ ठेवायची सूचना लावलेली आहे.

वीज शेवटी झालीच. 1970 च्या दशकात घळीच्या खालच्या तोंडाशी सेंत-क्रुआचं धरण भरलं आणि ले साल हे गाव पाण्याखाली गेलं. गावकऱ्यांसाठी वरच्या काठावर त्याच नावाचं नवं गाव वसवलं. मार्तेल जिथून फाटक्या होडीनिशी बाहेर पडला त्या बाजूनं आता उन्हाळ्यात पायडलच्या होड्या भाड्यानं मिळतात. तलाव भरलेला असेल तर त्या घळीत काही अंतर आतपर्यंत जातात, आणि ऑगस्टमध्ये त्यांसाठी रांग लावावी लागते.